नाना शंकरशेट आणि आगगाडीचा प्रयोग

बुलढाण्याजवळ देऊळघाट नावाचे एक जुने गाव आहे. वऱ्हाडचा हा मुलूख घाटावरचा. उत्तरेकडे राजूरचा घाट उतरून गेले म्हणजे घाटाखालची मलकापूर-नांदुऱ्याकडील सपाट काळी जमीन लागते. घाटावर काय किंवा घाटाखाली काय, कापूस या प्रदेशात पूर्वीपासून पिकत आला आहे. परंतु तो पिकविणे जितके सोपे, तितकेच तो बाजारात पोचविणे एके काळी अवघड होते. मुंबई बंदर येथून अडीचशे मैलांच्या वर. इ. स. १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातून मुंबईस कापसाची पहिली मोठी रवानगी केली, ती पाचशे बैलांच्या पाठीवर लादून. एका बैलावर जेमतेम तीन मण ओझे! दिवसाकाठी आठ-दहा मैलांची मजल मारीत, डोंगर उतरीत, नद्यांना उतार मिळण्याची वाट पाहत हे तांडे महिना-महिना चालत. वाटेत अवकाळी पाऊस आला की कापूस भिजे, धुळीने मळे आणि बंदरात पोचेपर्यंत त्याचे मोल निम्म्यावर येई. राजाचा खलिता असो की शेतकऱ्याचा कापूस असो, जमिनीवरून जाणाऱ्या कोणत्याही वस्तूला घोड्याच्या टापेहून अधिक वेग ठाऊक नव्हता.

हा वेग बदलून टाकण्याच्या खटपटीत ज्यांनी आपली पत आणि आपले नाव पणास लावले, अशा थोड्या भारतीयांत जगन्नाथ शंकरशेट यांचे स्थान पहिल्या रांगेत आहे. लोक त्यांना नाना शंकरशेट या नावाने ओळखत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे एका दैवज्ञ कुटुंबात झाला. त्यांचे घराणे व्यापारउदीम करीत मुंबईत स्थिरावले होते आणि वडील शंकरशेट यांनी त्यात मोठी संपत्ती जोडली होती. आई लहानपणीच वारली. तेव्हा आजच्यासारख्या शाळा नव्हत्या; म्हणून वडिलांनी घरीच शिक्षक ठेवून मुलास मराठी, संस्कृत आणि इंग्रजी या भाषा शिकविल्या. इ. स. १८२२ मध्ये वडिलांचेही छत्र हरपले. त्या वेळी नाना एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या कोवळ्या वयात एवढी मोठी पेढी हाती आली म्हणजे बहुधा तिचे दिवाळे निघते किंवा मालक ऐषआरामात बुडतो. नानांच्या बाबतीत यांपैकी काहीच घडले नाही. व्यवहारातील त्यांचा सचोटीचा लौकिक असा वाढत गेला की, अरब आणि अफगाण व्यापारीदेखील आपले द्रव्य बँकेत न ठेवता नानांच्या हवाली करीत. दूर देशीच्या माणसाने कोणताही आडपडदा न ठेवता आपली थैली ज्याच्या स्वाधीन करावी, त्याच्या शब्दाला नाण्याचेच मोल आलेले असते. हेच मोल पुढे आगगाडीच्या कामी आले.

आगगाडीची गोष्ट मात्र मुंबईत नव्हे, तर इंग्लंडात सुरू होते. लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांमध्ये लोखंडी रूळ टाकले जात होते. परंतु त्यावर गाड्या ओढाव्या कशाने, याविषयी तेथील कारभाऱ्यांचे एकमत होईना. अखेर त्यांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लावून ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल या ठिकाणी इंजिनांची परीक्षाच घेतली. इंजिनाने स्वतःच्या वजनाच्या तिप्पट ओझे ताशी निदान दहा मैल वेगाने ओढावे आणि पावणेदोन मैलांच्या रुळावर पुनःपुन्हा खेपा करून दूरच्या प्रवासाची ताकद दाखवावी, अशी अट होती. स्पर्धेस पाच यंत्रे उतरली. त्यांपैकी एकात तर वाफेचा पत्ताच नव्हता. एक घोडा पट्ट्यावर चालत असे आणि त्यामुळे चाके फिरत! इतर यंत्रांची कुठे नळी फुटली, कुठे बाष्पपात्र गळू लागले. जॉर्ज स्टीफन्सन आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट यांचे रॉकेट हे एकच इंजिन सर्व खेपा पुरी करू शकले. त्याच्या बाष्पपात्रातून तांब्याच्या पंचवीस नळ्या आरपार नेलेल्या होत्या. जाळाची धग या नळ्यांतून जाताना सभोवारच्या पाण्याला चहूकडून तापवी; त्यामुळे वाफ भराभर आणि भरपूर तयार होई. ओझे नसताना या इंजिनाने ताशी तीस मैलांच्या आसपास वेग गाठला. पुढील वर्षी, १५ सप्टेंबर १८३० रोजी, हा मार्ग थाटाने सुरू झाला. पण त्याच दिवशी रुळावर उभे असलेले हस्किसन नावाचे पार्लमेंटचे सभासद रॉकेटखाली सापडून मरण पावले. अंगावर येणारी गाडी किती वेगाने येते, याचा अंदाज माणसाच्या डोळ्यांना अजून आला नव्हता.

या वार्ता समुद्रमार्गे मुंबईस येत. इ. स. १८४३ च्या सुमारास जॉर्ज क्लार्क नावाच्या इंग्रज अभियंत्याने मुंबईहून ठाणे-कल्याणकडे आणि तेथून घाट चढून वर लोहमार्ग नेण्याची कल्पना मांडली. ती कागदावर राहिली असती तर कोणास आश्चर्य वाटले नसते. परंतु सर जमशेटजी जिजीभाई आणि नाना शंकरशेट या दोघांनी ती उचलून धरली आणि इ. स. १८४५ मध्ये लोहमार्गासाठी मुंबईत एक मंडळ उभे राहिले. पुढे हे मंडळ लंडनमध्ये निघालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीत मिळून गेले. कंपनीच्या दहा संचालकांत जमशेटजी आणि नाना हे दोनच भारतीय होते.

मंडळ स्थापन झाले म्हणून गाडी धावू लागली नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे लंडनमधील संचालक अतिशय साशंक होते. मुसळधार पावसात आणि पुरात रूळ टिकतील काय? कडक उन्हाने आणि वादळांनी त्यांची काय गत होईल? लाकडी स्लीपर वाळवी खाऊन टाकणार नाही काय? भराभर वाढणारे गवत-झुडूप मार्ग झाकून टाकील, कुंपण नसलेल्या रानातून गुरे रुळावर येतील, कुशल अभियंते इतक्या दूर कोठून आणावेत, अशा शंकांची त्यांची यादी लांबलचक होती. आज ती वाचून हसू येते; पण त्यांतील एकही शंका अगदीच पोकळ नव्हती. भांडवलाचा प्रश्न तर याहून बिकट होता. न पाहिलेल्या देशात, न पाहिलेल्या मार्गासाठी इंग्लंडातील लोक पैसा गुंतविण्यास तयार होईनात. शेवटी १७ ऑगस्ट १८४९ रोजी करार झाला. त्यानुसार पाच लाख पौंड खर्चून मुंबईपासून कल्याणच्या दिशेने एक मार्ग केवळ प्रयोग म्हणून बांधावा आणि भागधारकांस शेकडा पाच व्याजाची हमी सरकारने द्यावी, असे ठरले. प्रयोगाचा मार्ग हेच त्याचे त्या वेळचे नाव होते. प्रयोग फसला असता तर मुंबईच्या पलीकडे रूळ कधी गेले असते, हे सांगणे कठीण आहे.

या कामासाठी मुख्य अभियंता म्हणून जेम्स बर्कली हे इंग्लंडहून आले. रॉकेट बांधणाऱ्या रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याच हाताखाली ते तयार झाले होते. म्हणजे रेनहिलच्या माळावरची विद्या त्यांच्यासोबत मुंबईस आली असे म्हणता येईल. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीव येथे पहिली कुदळ पडली. शीव आणि कुर्ला यांच्या दरम्यान खाजणाची जमीन होती. भरतीचे पाणी तेथे आत शिरे आणि टाकलेली माती चिखलात रुते. त्या दलदलीवर भराव घालून त्याला रुळांचे आणि गाडीचे ओझे पेलण्याइतका घट्ट करणे हीच या मार्गाची पहिली परीक्षा होती. रुळांमधील अंतरही इंग्लंडपेक्षा वेगळे धरण्यात आले. तेथे ते चार फूट साडेआठ इंच होते. येथे साडेपाच फूट ठरले. रूळ जितके रुंद, तितकी गाडी वादळवाऱ्यात अधिक स्थिर, असा त्यामागील विचार होता. आपल्या देशातील मुख्य मार्गांची रुंदी आजही तीच आहे.

फेब्रुवारी १८५२ मध्ये भायखळ्याच्या बाजूस कंत्राटदारांचे एक इंजिन माती-दगडांचे डबे ओढताना लोकांनी प्रथम पाहिले. त्याला त्या वेळच्या गव्हर्नरांचे, लॉर्ड फॉकलंड यांचे, नाव दिले होते. बैल नाही, घोडा नाही, आणि गाडी मात्र धूर ओकीत पुढे जाते, हे दृश्य पाहण्यास मुंबईकरांची रीघ लागली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी मुंबईपासून ठाण्यापर्यंत गाडीची चाचणी घेण्यात आली. अलीकडे, इ. स. २०१६ मध्ये, स्पेनहून आणलेल्या टॅल्गो या वेगवान डब्यांची आपल्या मार्गांवर चाचणी झाली, तेव्हा डब्यांत प्रवाशांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवली होती. १८५२ साली असा प्रघात नव्हता. कंपनीची मंडळी आणि त्यांचे निमंत्रित स्वतःच डब्यांत बसले! भराव खचतो की काय, वळणावर चाके रूळ सोडतात की काय, थांबविण्याच्या वेळी गाडी थांबते की नाही, या साऱ्यांचा निकाल त्यांच्याच जिवावर लागायचा होता. गाडी सुखरूप जाऊन आली.

परंतु यंत्र उत्तीर्ण झाले तरी लोकांचा विश्वास अजून मिळावयाचा होता. आगगाडीविषयी नाना तऱ्हेच्या वावड्या उठत होत्या. हे भुताचे काम आहे, पुलाच्या पायात माणसे बळी देतात, गाडीत बसल्याने आयुष्य उणे होते, असे बोलले जाई. यापेक्षाही एक खोल अडचण होती. सर्व जातींची माणसे एका डब्यात, एका बाकावर बसणार कशी? शिवाशिव मानणारा समाज पैसे देऊन हा विटाळ विकत घेईल, हे पुष्कळ शहाण्या माणसांनाही खरे वाटत नव्हते. अशा वेळी इंग्रज अधिकाऱ्याने कितीही समजावून सांगितले तरी त्याचा उपयोग थोडाच. ज्यांच्या पेढीवर लोक निर्धास्तपणे ठेव ठेवीत, जे आपल्या धर्माचाराने राहत आणि स्मशानभूमीसारख्या प्रश्नावर सरकारशीही वाद घालीत, ते नाना या गाडीचे पुरस्कर्ते आहेत, ही गोष्ट लोकांच्या दृष्टीने निराळी होती. नानांनी या कामात किती रुपये घातले यापेक्षा त्यांनी आपला शब्द घातला, हेच अधिक मोलाचे.

१६ एप्रिल १८५३ हा दिवस उजाडला. शनिवार होता. बोरीबंदरावर माणसांचा महापूर लोटला होता. चौदा डब्यांची गाडी उभी होती आणि तिला ओढण्यासाठी साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडली होती. सुमारे चारशे निमंत्रित डब्यांत बसले. त्यांत नाना शंकरशेटही होते. दुपारी साडेतीनच्या सुमारास एकवीस तोफांची सलामी झडली, बँड वाजू लागला आणि गाडी हलली. मार्गाच्या दोन्ही अंगांस, घरांच्या गच्च्यांवर, झाडांच्या फांद्यांवर लोक दाटीने उभे होते. शीव येथे इंजिनांना पाणी देण्यासाठी गाडी थोडा वेळ थांबली. कालपर्यंत ज्या खाजणात बैलगाडी रुतत होती, त्यावरून ती आता सरळ पुढे गेली आणि एकवीस मैलांचा म्हणजे चौतीस किलोमीटरांचा मार्ग सुमारे तासाभरात आक्रमून ठाण्यास पोचली. बैलांच्या तांड्यास एवढ्या वाटेसाठी दोन दिवस लागले असते. आजच्या गाड्यांपुढे हा वेग काहीच नव्हे. परंतु त्या दिवशी मुंबईत त्याहून वेगाने गेलेली कोणतीही गाडी कोणी पाहिलेली नव्हती.

विटाळाची भीती फार काळ टिकली नाही. थोड्याच दिवसांत तिसऱ्या वर्गाचे डबे गच्च भरून जाऊ लागले.

नानांना केवळ आगगाडीचे पुरस्कर्ते समजणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. एल्फिन्स्टन यांच्या काळापासून मुंबईत शिक्षणाची जी जी संस्था निघाली, तिच्याशी त्यांचा संबंध होता. इ. स. १८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंडळावर ते सोळा वर्षे होते. तेथे एका महत्त्वाच्या प्रश्नावर मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल थोड्यांना उत्तम इंग्रजी शिकविण्याकडे होता. तर बहुजनांना ज्ञान द्यावयाचे असेल तर ते त्यांच्या मातृभाषेतूनच दिले पाहिजे, असा नानांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आग्रह होता. नाना स्वतः उत्तम इंग्रजी जाणत होते, म्हणून त्यांच्या या आग्रहाला विशेष वजन होते. इ. स. १८४९ मध्ये मुलींसाठी शाळा काढण्याचे धाडस तरुण मंडळींनी केले, तेव्हा शाळेला जागा देण्यास कोणी धजेना. नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात ती भरू दिली. त्याबद्दल त्यांना स्वकीयांचे बोल सोसावे लागले. पण शाळा बंद पडली नाही. ज्या वर्षी ठाण्याकडे चाचणीची गाडी धावली, त्याच १८५२ सालच्या ऑगस्टमध्ये बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था स्थापन होऊन नाना तिच्या अग्रभागी आले. कंपनी सरकारच्या कारभारातील दोष या संस्थेने अर्जाद्वारे थेट पार्लमेंटपुढे मांडले. इंग्रजांचे यंत्र स्वीकारावे, पण त्यांचा कारभार निमूटपणे स्वीकारू नये, हा विवेक नानांजवळ होता.

इकडे लोहमार्ग वाढत होता. १ मे १८५४ रोजी तो कल्याणला पोचला. पुढे मात्र सह्याद्री आडवा उभा होता. पुण्याकडील भाग १८५८ मध्ये सुरू झाला, तरी मधला बोरघाट बांधून झालेला नव्हता. प्रवाशांना पायथ्याशी उतरून पालख्यांतून किंवा तट्टांवरून घाट ओलांडावा लागे. पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे, दऱ्यांवरील कमानींचे पूल! एके ठिकाणी तर डोंगरात वळण घेण्यापुरतीही जागा मिळाली नाही. तेव्हा गाडी पुढे नेऊन थांबवावी आणि मग इंजिन उलट्या टोकास जोडून दुसऱ्या दिशेने वर न्यावी, अशी योजना करावी लागली. या घाटात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. दरडी कोसळून, सुरुंगांनी आणि त्याहून अधिक पटकीने व तापाने त्यांतील हजारो दगावले. त्यांची नावे कोणत्याही शिलेवर कोरलेली नाहीत. बर्कली यांचेही शरीर या श्रमांनी खचले आणि ते १८६२ मध्ये, काम पुरे होण्यापूर्वीच, मरण पावले. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातून गाडी वर गेली आणि १ जानेवारी १८६५ रोजी थळघाटाचा मार्ग खुला झाला. नाशिक-खानदेशाकडून वऱ्हाडाकडे जाण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

आगगाडीने देशाचे हित किती साधले, याविषयी पुढे मोठा वाद झाला. शेकडा पाच व्याजाची जी हमी सरकारने दिली होती, तिचा भार येथील रयतेच्या करांवर पडला. कापूस वेगाने बंदरात जाऊ लागला, तसे मँचेस्टरचे कापडही तितक्याच वेगाने खेड्यापाड्यांत येऊ लागले आणि कित्येक विणकरांचे माग थांबले. ज्या दादाभाई नौरोजींनी तरुणपणी नानांच्या काळातील मुलींच्या शाळांसाठी झटून काम केले, त्यांनीच पुढे देशातील संपत्ती कशी बाहेर वाहून जाते याचा हिशेब मांडताना लोहमार्गांच्या व्याजाकडेही बोट दाखविले. नानांना हे सारे आधी दिसावयास हवे होते काय? प्रयोग चालू असताना त्याची सर्व फळे दिसत नाहीत, हे खरे. तथापि सचोटीच्या सावकाराने व्याजाचा हा बोजा कोणावर पडणार याचा विचार केला नसेल, असेही मानवत नाही. तेव्हाच्या मुंबईत रूळ हवे असतील तर ते याच अटींवर मिळत होते.

१८६१ च्या कायद्याने मुंबईस कायदेमंडळ आले, तेव्हा त्यात नेमलेल्या पहिल्या भारतीय सभासदांत नाना होते. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय आणि राणीचा बाग यांसाठी डॉ. भाऊ दाजी यांच्याबरोबर त्यांनी पुष्कळ खटपट केली. ३१ जुलै १८६५ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात पहिला येणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती देण्यात येऊ लागली आणि ती मिळविणे ही पिढ्यान् पिढ्या मोठ्या मानाची गोष्ट मानली गेली.

वऱ्हाडात रूळ आले ते नानांच्या मृत्यूनंतर. मुंबईहून निघालेला मार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी ठाणी घेत १८६७ मध्ये नागपूरला पोचला आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून एक फाटा काढण्यात आला. घाटावर मात्र गाडी चढली नाही. देऊळघाटच्या कापसाला बैलांचीच सोबत राहिली. फरक इतकाच की, महिनाभराची ती वाट आता दोन-तीन मुक्कामांवर आली. राजूरचा घाट उतरून, मलकापूरच्या ठाण्यावर ओझी उतरली की गाडीवान बैल सोडीत, त्यांना कडबा घालीत आणि मुंबईकडे जाणाऱ्या मालगाडीत आपल्या गावचा कापूस चढताना पाहून परतीची वाट धरीत.